घाटावरचा फिल्डर

मुरबाड तालुक्यातल्या आमच्या वैशाखऱ्यात टेनिस बॉलची स्पर्धा असली की माइक माझ्याकडे. आवाज मोठा नि तोंडाला लगाम नाही, एवढ्याच भांडवलावर. स्पर्धेचा नियम एकच: ज्या गावाचा संघ, त्याच गावचे खेळाडू. बाहेरचा सापडला की संघ बाद.

यंदा फायनलला समोर सापगाव. शहापूरकडच्यांना रेल्वे जवळ, म्हणून आम्हा मुरबाडकरांना हिणवायला कायम तयार. त्यांना हरवायचंच, असं अख्ख्या गावानं मनावर घेतलेलं. आणि आमचा सगळ्यात चपळ फिल्डर कोण? तर नाक्यावरचा वेल्डिंगवाला! माळशेज चढून गेलं की त्याचं मूळ गाव. इथं राहून त्याची मुलं शाळेत जायला लागली, अर्ध्या गावाची फाटकं त्यानं जोडली, तरी आम्ही त्याला म्हणणार 'घाटावरचा'. हाकही तीच.

टॉस व्हायच्या आत सापगावच्या कप्तानानं त्याच्याकडे बोट दाखवलं. "ह्यो भायेरचा हाय. काढा याला."

अरे बापरे, आमचं गाव असं काही पेटलं! संघाचे मॅनेजर म्हणजे माझे सख्खे काका. गणपतीच्या बैठकीत "तू नको बोलू, तू इथला नाय" म्हणून त्याला खाली बसवणारे हेच. आता बाह्या सरसावून पुढे. "भायेरचा कुनाला बोलतोस रे? आमचा पोऱ्या हाय तो, आमचा!"

मीही माइकवरून ठोकून दिलं, "वैशाखऱ्याचा वाघ!" त्याचा चेहरा इतका खुलला की मला खरंच बरं वाटलं. आधार कार्ड आलं, पत्ता आमच्याच गावचा निघाला आणि टॉस झाला.

शेवटच्या बॉलवर त्यांना दोन धावा हव्या होत्या. चेंडू उंच उडाला आणि थेट त्याच्या हातात आला. आणि सुटला. तेवढ्यात त्यांनी दोन पळून घेतल्या.

सापगावकरांनी मैदानात उड्या मारल्या. काका माझ्या टेबलाशी येऊन कपाळावर हात मारून म्हणाले, "घाटावरचा तो घाटावरचाच!"

माइक चालू होता. सगळ्या मैदानानं ऐकलं. काकांचा असा राग आला मला, पण आता काय उपयोग?

तो टोपी काढत आमच्याकडे आला. वाटलं, भांडेल. भांडला असता तर बरं झालं असतं. तो हसला.

"काका, आता सापगावातच खोली बघतो. तिथं तरी लोक मला वैशाखऱ्याचा म्हणतील."