खालच्या आळीची चूल

भिमाजी लोणावळ्याच्या स्टेशनात सांधेवाला झाला, म्हणजे रुळांचे सांधे बदलून गाडीला वाट करून द्यायच्या कामावर लागला, आणि त्याची चालच बदलली. पितळी बटणांचा निळा कोट घालून सुट्टीला आपल्या गावी, कान्ह्याला आला, की असा चालायचा, की समोरून येणाऱ्या म्हशीनं बाजूला व्हावं. म्हैस हलली नाही तर हाच बाजूला व्हायचा. पण कुणी पाहिलं तर नाही ना, हे आधी बघून.

अशा माणसाच्या मनात आलं, की पांगलेली भावकी एकदा एका पंगतीला बसवायची. कुणाची शेतं धरणाच्या पाण्यात गेली होती, ते उर्स्याला बायकोच्या माहेरी टेकले होते. कुणी नवलाख उंबऱ्याला गेले होते. बहिरोबाच्या नावाचं भावकीचं जेवण म्हाताऱ्यांच्या बोलण्यात तेवढं उरलं होतं. भावकीत थोरले अंबाजी आबा. ते म्हणाले, "करतूस तर कर. पर रीतीनं कर. चूलबंद आवतन दे."

चूलबंद आवतण म्हणजे त्या दिवशी भावकीतल्या एकाही घरी चूल पेटवायची नाही. पाळण्यातल्या पोरापासून म्हातारीपर्यंत सगळ्यांनी देवळापुढं जेवायचं. पण ते आवतण वाटेत सांगून चालत नाही की कुणाहाती निरोप धाडून चालत नाही. यजमानानं स्वतः जायचं, उंबऱ्यावर अक्षता ठेवायच्या आणि घरातल्या थोरल्या माणसाचं नाव घेऊन बोलवायचं. नाहीतर ते घर उपाशी झोपेल, पण पंगतीला फिरकणार नाही.

भिमाजीनं रजा काढली आणि पायाला भिंगरी बांधली. भावकीतला नथू म्हणाला, "त्यो गेणू पंगतीला असंल तर म्या न्हाई." भिमाजीनं एकाला देवळाच्या दारात आणि दुसऱ्याला पिंपळाखाली बसवायचं कबूल केलं. घरोघरचा आंबेमोहोर तांदूळ गोळा केला, पत्रावळ्या लावून घेतल्या, लापशीच्या गुळात माती निघाली म्हणून वाण्याशी भांडून तो बदलून आणला. गावात जो तो म्हणू लागला, भिमाजी म्हणजे भिमाजी! आणि जो म्हणत नसे, त्याच्या ओट्यावर जाऊन हा ते म्हणेपर्यंत बसे.

एकच उंबरा राहिला. तोही उर्स्याचा नाही, नवलाख उंबऱ्याचा नाही. याच्याच घराच्या खालच्या अंगाला, हाक मारली तर ऐकू जाईल असा. तिथं त्याची सख्खी चुलती, सरुबाई, एकटी राहायची. आईमागं तिनंच भिमाजीला न्हाऊमाखू घालून वाढवला होता. अक्षता मुठीत धरून तो दोनदा त्या खालच्या आळीच्या तोंडापर्यंत गेला आणि दोन्ही वेळा त्याला दुसरंच काही काम आठवलं.

त्याचं कारण लोणावळ्याच्या फलाटावर घडलं होतं. वैशाखात सरुबाई करवंदांची पाटी घेऊन तिकडं जायची. घाटासाठी गाडीला लावलेलं जादा इंजिन सोडेपर्यंत उतारू पाय मोकळे करत, तेवढ्यात ती द्रोण विकायची. त्या दिवशी नवा साहेब शेजारी उभा, भिमाजी छाती काढून त्याच्याशी हिंदी बोलतोय, आणि फलाटाच्या त्या टोकावरनं हाळी आली, "आरं भिम्या! आरं शेंबड्या, हिकडं बघ की!"

साहेबानं विचारलं, "कौन है?"

"कोई नहीं, साब," भिमाजी म्हणाला. "करवंदवाली है. मैं नहीं पहचानता."

सरुबाईला हिंदी येत नव्हती, पण तेवढं कळलं. तिनं पाटी उचलली आणि पुढच्या डब्याशी गेली. मागाहून साहेब दिसेनासा झाल्यावर भिमाजी तिच्या अंगावरून जाता जाता, मान न वळवता पुटपुटला, "बहिरोबाचं जेवान हाय. ये गं." ती द्रोण भरत राहिली. आळीच्या तोंडावरून दुसऱ्यांदा परतल्यावर भिमाजीनं मनाशी ठरवून टाकलं, की फलाटावरच झालं आवतण.

जेवणाचा दिवस उजाडला. देवळापुढं पाय ठेवायला जागा उरली नाही. बायका एकमेकींच्या गळ्यात पडत होत्या. नथू आणि गेणू ठरल्याप्रमाणे एक दारात, एक पिंपळाखाली, एकमेकांकडं पाठ करून बसले होते. पानावर भात पडला आणि ओट्यावरनं अंबाजी आबांनी गावावर नजर फिरवली.

"भिमा, त्यो धूर कुनाच्या घरातनं निगतूय?"

सगळ्यांच्या माना वळल्या. खालच्या आळीच्या एका कौलारू घरावर धूर चढत होता. निवांत, जसा रोज चढतो तसा. आपली पितळी बटणं कुठं लपवावीत, असं भिमाजीला झालं.

"सरूचं घर न्हवं त्ये? आवतन दिलंतंस ना?"

"दिलंय की, आबा."

"मंग जा, बघून ये. ती आल्याबिगर घास उचलायचा न्हाई कुनी."

भरल्या पानांपुढं सगळी भावकी ताटकळत ठेवून भिमाजी खाली गेला. सरुबाई तव्यावर भाकरी टाकत होती. त्याच्याकडं तिनं बघितलं आणि भाकरी उलटली.

"कोन पायजे?" तिनं विचारलं.

"काकी, असं नगं गं."

"मला काय ठावं? म्या करवंदवाली. मोठ्या मान्सांची वळक न्हाई मला."

भिमाजीकडं अक्षतासुद्धा नव्हत्या. त्यानं तिच्याच सुपातले चिमूटभर तांदूळ घेतले, उंबऱ्यावर ठेवले आणि मान खाली घालून म्हणाला, "सरुबाई काकी, आज चूल बंद."

"चूल पेटल्यावर?" ती म्हणाली. पण तवा उतरवला, लाकडं मागं ओढली, पदर सारखा केला. "चल. लोकं उपाशी बसल्यात. तुज्यासाठी न्हाई येत म्या."

वाटेत भिमाजी सारखं मागं वळून बघत होता: ही आता भावकीपुढं काय बोलणार? पंगतीत ती टेकली मात्र, आबांनी विचारलंच, "काय गं सरू, आवतन पोचलं न्हवतं का?"



"पोचलं की!" सरुबाई म्हणाली. "कालच तांदूळ ठिवून गेला पोर. मीच खुळी. रोजच्या सवयीनं चूल पेटवून बसले."

आबांचा चेहरा उजळला. त्यांनी काखेतला नवा फेटा काढला. "तरीच म्हनलं, आमचा भिमा चुकायचा न्हाई. ये रं, वाक. भावकी गोळा केलीस, मान तुजा."

भिमाजी वाकला. फेट्याचा पहिला वेढा डोक्याला लागला आणि त्याचे कान तापले. सरुबाई आपल्या पानातला भात नीट सारत होती, जणू तिनं काही केलंच नव्हतं.

"थांबा, आबा," त्यानं फेटा धरला. "म्या दिलं न्हाई आवतन. तिच्या दारी गेलूच न्हाई. लोणावळ्यात सायबाम्होरं म्हनलो, हिला वळखत न्हाई. मंग कोनत्या तोंडानं जाऊ?"

आबांचे हात जिथल्या तिथं राहिले.

"घ्या!" सरुबाई कडाडली. "म्हातारपनी द्येवाच्या दारात खोटं बोलले, त्ये बी फुकट घालवलंस व्हय रं, मुडद्या?"

नथूला हसू फुटलं, पलीकडं गेणूलाही फुटलं. मग भिमाजीचं तोंड बघून दोघंही गप्प झाले. आबांनी फेट्याची घडी घातली आणि परत काखेत मारली. 'बस' असं भिमाजीला कुणी म्हणालं नाही. त्यानं कोट उतरवला, आमटीची बादली घेतली आणि पंगतीच्या टोकापासून वाढायला लागला. सरुबाईच्या पानाशी आला, तेव्हा त्याला मान वर करवेना. तिनं पत्रावळीवर हात आडवा धरून "आरं, बास!" म्हटलं, तोवर आमटी भातातून वाहत जमिनीला लागली होती.