सेंटरमधलं कुंकू

नोव्हेंबरचा दुसरा मंगळवार, दुपारचे चार. खामगावच्या आमच्या वर्कशॉपमध्ये मी एका जिनिंग मिलचा शाफ्ट ग्राइंडरवर चढवत होते. ऐन कापसाच्या हंगामात त्यांची सरकी काढायची मशीन बंद पडली होती. तिथला म्हातारा मिस्त्री स्वतः शाफ्ट घेऊन आला आणि स्टूल ओढून शेजारीच बसला.

साधा शाफ्ट कोणीही घासतो. याचा एक भाग मुद्दाम एका बाजूला सरकवलेला असतो. त्याच्यामुळेच मशीनचा सुरा हलतो. तो भाग घासायचा तर दोन्ही टोकांना, मध्यापासून बाजूला पाडलेल्या भोकांत टोकदार सेंटर बसवून शाफ्ट धरावा लागतो. मग बाकीचा शाफ्ट एका अंगानं जड होऊन फिरतो. म्हणून समोरच्या अंगाला वजन बांधायचं, वेग कमी ठेवायचा, आणि ग्राइंडरचा घासायचा दगड मागे असतानाच एक पूर्ण फेरा हातानं फिरवून बघायचा. हा फेरा मी एकदाच चुकवला होता. फुटलेल्या दगडानं पाडलेलं भोक भिंतीच्या पत्र्यात अजून आहे.

"ताई, काऊन टाइम लावून राह्यल्या? तिकडं कापसाच्या गाड्या उभ्या हायेत."

"बसा चूप, भाऊ. अन् दगडासमोर नका बसू, इकडं सरका."

हातानं फिरवला तर शाफ्ट सेंटरवर डुगडुगला. खाली उतरवून बॅटरी मारली. एका भोकात कुंकू, तांदूळ आणि तेलाचा लगदा वाळून घट्ट बसला होता.

"हंगामाच्या मुहूर्ताले म्याच टिका लावला," मिस्त्री म्हणाला. "भोकात लावला म्हंजे पुसल्या जात नाही. देवाचं कुंकू हाये, त्यानं काय होते?"

"शाफ्ट उडून सरळ तुमच्या कपाळावर येते. मंग तिथंच टिका लावजा."

तो हसला. लगदा कोरून काढल्यावर मात्र त्याचं हसू गेलं. शाफ्ट मशीनमधून काढताना हातोडा तिथंच बसला होता. भोकाची कड चेपली होती. ती लेथवर नीट करायला हवी होती आणि आमचा लेथवाला त्या दिवशी अमडापूरला गेला होता.

मिस्त्रीनं मालकाला फोन लावला. मालकाचा आवाज मला लांबूनही ऐकू येत होता. मी फोन हातात घेतला. "उद्या दहा वाजता शाफ्ट भेटते. आजच पाहिजे असंन तं दुसरीकडं न्या."

शाफ्ट कोणी नेला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी लेथवाल्यानं कड साफ करून दिली. मी भोकं रॉकेलनं पुसली, ग्रीस भरलं, शाफ्ट चढवून वजन बांधलं. हातानं फेरा दिला; कुठं अडला नाही, डुगडुगला नाही. मग मशीन सुरू केली आणि दगड थोडा थोडा पुढं घेत नेला. मिस्त्री न सांगता बाजूला उभा होता. दहाच्या आत माप आलं. मधली दोन आणि बाजूची दोन, अशा चारही भोकांत रबरी बुचं ठोकली आणि मगच शाफ्ट त्याच्या हातात दिला.

"टिका आता या बुचावर लावा," मी म्हणाले.