लग्नपत्रिकेचं पॅकिंग

माझ्या गाडीच्या इंजिनातून तेल गळतं ही बातमी पनवेलात सर्वांत आधी माझ्या मेव्हण्यांना लागली, कारण ते त्यांच्याच अंगणात, त्यांच्या मुलीच्या साखरपुड्यासाठी काढलेल्या रांगोळीवर गळलं. मोराच्या पिसाऱ्यात एक जास्तीचा काळा डोळा उमटला.

"शोभतोय मोराला," मी म्हटलं.

ते हसले नाहीत. बायकोचे थोरले भाऊ म्हणून मी त्यांना दादा म्हणतो, ते मला जावईबापू म्हणतात, आणि या दोन्हींत जेवढा आदर असायला हवा त्याहून तो बराच कमी असतो.

नव्वदच्या दशकाची सुरुवातीची वर्षं होती. लोक नव्या छोट्या गाड्यांसाठी नंबर लावत होते आणि मी एक म्हातारी गाडी बाळगून होतो. तिचा गिअरचा दांडा स्टिअरिंगला चिकटलेला आणि पुढची सीट सोफ्यासारखी एकसलग. ती विकावी असं सगळ्यांचं एकमत होतं. माझ्या घरात तर हा ठराव आवाजी मतदानाने दर रविवारी मंजूर व्हायचा. एकटी भाची तेवढी माझ्या बाजूची. शाळेत असताना त्या सोफ्यावर माझ्या शेजारी बसून हॉर्न वाजवायचं काम तिच्याकडे असे, आणि ती ते गरजेपेक्षा जास्त मन लावून करी. साखरपुड्याच्या दिवशी तो डाग बघून ती सगळ्यांसमोर म्हणाली, "काका, सासरी मी तुमच्याच गाडीतून जाणार."

"शालू नेसलेली असशील तू," दादा म्हणाले. "आणि जायचंय पेणला. कर्नाळ्याच्या चढावर हिनं धूर सोडला, की व्याही म्हणतील नवरी आली का बंब आला?"

"पाठवणी माझ्या गाडीतूनच होणार," मी म्हटलं. असली वाक्यं माझ्या तोंडातून मला न विचारता बाहेर पडतात.

"लग्नाच्या आदल्या संध्याकाळी मी स्वतः खाली वाकून बघेन. थेंब दिसला तर टॅक्सी."

"बघा," मी म्हटलं.

त्यानंतर मी जे केलं त्याला दुरुस्ती म्हणणं म्हणजे दुरुस्तीचा अपमान आहे. तेल इंजिनाच्या पोटाखाली ठिबकत होतं, तेव्हा ते पोटातूनच येत असणार, असा सरळ हिशेब मी केला. पोटाला एक बोल्ट असतो, जुनं तेल काढून टाकायला. तो मी आवळला. पान्याला लोखंडी नळी अडकवून, तिच्यावर अक्षरशः उभा राहून आवळला. थेंब पडतच राहिला. मग पेट्रोलच्या टाकीला लावतात तसा कपड्यांचा साबण मळून मी सगळ्या सांध्यांवर थापला, आणि लग्नाची गाडी स्वच्छ हवी म्हणून दुसऱ्याच दिवशी तिला पाइपाने आंघोळ घातली. गाडीखालून फेस यायला लागला. पांढराशुभ्र फेस, मधूनमधून काळे थेंब. बिल्डिंगमधले एक आजोबा काठी टेकत थांबले, बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "पिसाळली वाटतं."

मेकॅनिककडे गेलो नव्हतो असं नाही. शिरढोणजवळचा माझा नेहमीचा मेकॅनिक नव्या सदऱ्यात, गॅरेजला कुलूप लावतानाच भेटला.

"सायेब, आमी आता चार दिस नाय. घरात लगीन हाय."

"माझ्याही घरात लग्न आहे. म्हणून तर आलोय."

"मंग तुमी हितं काय करताय?" म्हणून तो निघून गेला. त्याचंही बरोबरच होतं.

माझं डोकं चाललं ते कॅरम खेळताना. लग्नाच्या आदल्या दिवशी सकाळी, दादांच्या घरी मांडव घालायला मदत करायची सोडून मी बिल्डिंगच्या जिन्याखाली कॅरम खेळत बसलो होतो. घामेजलेल्या बोटाने पावडर पुसली गेली आणि बोटाची वाट बोर्डवर स्पष्ट उमटली. मी राणी घ्यायची सोडून पावडरचा डबा घेऊन पळालो. इंजिन रॉकेलने धुतलं, वाळवलं आणि त्याच्यावर सगळा डबा उधळला. काळं इंजिन पांढरं झालं. आता जिथून तेल निघेल तिथून पांढऱ्यावर काळी रेघ ओढली जाणार. गाडी सुरू केली आणि इंजिनाच्या पंख्याने निम्मी पावडर माझ्या तोंडावर परत केली. तशाच अवतारात पळस्पे फाट्यापर्यंत जाऊन आलो. फाट्यावर उसाचा रस पिणाऱ्या लोकांनी ग्लास खाली ठेवून माझ्याकडे पाहिलं. मी त्यांना नमस्कार केला.

परत येऊन बॉनेट उघडलं तर रेघ होती! पोटाशी नव्हे, वर, पार कुशीत. तिथे दोन नटांवर एक छोटा पंप बसवलेला असतो, टाकीतलं पेट्रोल ओढणारा. पंप आणि इंजिन यांच्यामधलं कागदी पॅकिंग फाटलं होतं. तेल तिथून निघून इंजिनाच्या अंगावरून उतरत, वाटेत सायलेन्सरच्या तापल्या नळीला हात लावत, पोटाखाली येऊन ठिबकत होतं. मी चोर धरायला ज्या दारात उभा होतो, त्या दारातून तो फक्त बाहेर पडत होता.

पॅकिंग म्हणजे जाड गुळगुळीत कागद. स्पेअरपार्टवाल्याचं दुकान बंद; तोही कुणाच्या तरी लग्नाला. पण ज्या घरात लग्न आहे त्या घरात जाड गुळगुळीत कागदाची वाण कशी पडेल? उरलेल्या पत्रिकांचा गठ्ठा आमच्याच कपाटावर होता.

आता कात्री हातात घेतल्यावर खरी अडचण कळली. पहिल्या पानावर गणपती, त्याला कात्री लावायची छाती नाही. दुसऱ्या पानावर सर्वांत वर कुलदैवत. खाली वधूवरांची नावं. त्यांच्यावर लग्नाच्या आदल्या दिवशी हातोडी कशी मारायची? त्याखाली दादांचं नाव. इथे माझा हात जरा रेंगाळला, खोटं कशाला बोलू. पण शेवटी मी तळाचा 'कृपया आहेर आणू नये' हा मजकूर निवडला. त्याला तसंही कुणी मानत नाही. पंप उलटा धरून त्यावर कागद ठेवला, कडेकडेने हातोडीने हलके ठोके मारत आकार कापला आणि पंप बसवून टाकला.

संध्याकाळी दादा आले, धोतर सावरून वाकले, आणि बोट वर करून दाखवलं. बोटाच्या टोकावर काळा थेंब.

"टॅक्सी सांगितली आहे," ते म्हणाले. विजयाचा आनंदही त्यांनी नीट घेतला नाही, एवढे दमलेले होते.

"तुम्ही टॅक्सी सांगा, मी गाडी आणतो," मी म्हटलं. "बसायचं कशात ते नवरी ठरवेल."

सकाळी, मुहूर्ताला अजून अवकाश असताना, मी पंप पुन्हा काढला. पॅकिंग शाबूत होतं. तेल अक्षरांतून येत होतं. पत्रिकेची अक्षरं सोनेरी, उठावाची. 'आहेर' शब्दाच्या दोन्ही अंगांनी तेलाने व्यवस्थित पाट काढले होते. मी ते हातात धरून उभा असताना बायको पैठणी नेसून, नथ घालून बाहेर आली.

"अहो, अंघोळ?"

मी तिला अडचण सांगितली. देव कापता येत नाही आणि अक्षरं गळतात.

तिने गठ्ठ्यातली पत्रिका घेतली, पहिलं पान उलगडलं. "गणपती इथं वर आहे ना? खालचं अर्धं पान कोरंच आहे. वरचा गणपती ठेवा देवात आणि खालचं कापा. तोही खूश, तुमचं धूडही खूश." मग पायरीवरून वळून, "आणि त्या हातांनी कार्यालयात कुणाला अक्षता देऊ नका."

धूड म्हणाली, पण कात्री तिनेच धरली. माझे हात बघवत नव्हते तिला.

दुपारी जेवणं उरकली, पाठवणीची वेळ झाली. कार्यालयाच्या दारात टॅक्सी उभी होती, झेंडूच्या माळांनी मढलेली. तिच्या मागे माझी गाडी, आरशाला उरलीसुरली अर्धी माळ. भाची सगळ्यांच्या पाया पडली, गळ्यात पडली, रडली, मग डोळे पुसून टॅक्सीच्या शेजारून सरळ चालत आली आणि माझ्या गाडीच्या सोफ्यावर, हॉर्नला हात पोचेल अशी बसली. नवरदेव बिचारा तिच्यामागे आला. त्याला पुढच्या आयुष्याची कल्पना तिथेच आली असावी.

"थांबा," दादा म्हणाले.

फेट्यासकट ते गाडीपुढे गुडघ्यांवर बसले आणि मान खाली घालून इंजिनाखाली बघू लागले. दिवसभर हा माणूस रडला नव्हता. वाढपी, भटजी, बँडवाले, सगळ्यांवर ओरडून त्यांनी घसा बसवला होता, पण डोळ्यांत पाणी नाही. ते बघत राहिले. एवढं बघण्यासारखं गाडीखाली काही नसतं. तिथे मी अनेक दिवस काढले आहेत. बँडवाला थांबला. व्याही घड्याळ बघू लागले. फेटा हलत होता.

मी जवळ जाऊन वाकलो. "कोरडं आहे ना, दादा?"

"कोरडं आहे," ते म्हणाले. जमिनीकडेच तोंड ठेवून. मग उपरण्याने चेहरा पुसत उठले. "धूळ फार आहे तुमच्या गाडीखाली, जावईबापू."

"बरीच वर्षांची आहे," मी म्हटलं.

पळस्पे फाट्यावर भाचीने हॉर्न वाजवला, गरज नसताना. कर्नाळ्याच्या चढावर मी नाकाने धूर शोधत होतो; सगळीकडे फक्त मोगऱ्याचा वास येत होता. टॅक्सी मागून रिकामी आली, माळा घालून.

परतल्यावर मी घरी गेलो नाही. गाडी थेट दादांच्या अंगणात नेली आणि लग्नाच्या नव्या रांगोळीवर, पुन्हा मोरच होता, बरोबर पिसाऱ्यावर इंजिन येईल अशी उभी केली. किल्ली खिशात टाकली आणि चालत घरी गेलो.

सकाळी गेलो तर दादा चहाची कपबशी घेऊन पायरीवर, मोराकडे बघत बसले होते. पिसाऱ्यातले डोळे होते तेवढेच होते.

"तरी विकून टाका," ते म्हणाले.

"नाही," मी म्हटलं, आणि त्यांच्या बशीतला चहा प्यायलो.