द्वारकाकाकू आणि दाढीचा साबण

"मास्तर, तुमच्या साबणाला फेस येतो का?"

द्वारकाकाकू माझ्याशी पहिल्यांदा बोलल्या ते हेच. सोलापूरच्या भवानी पेठेत खोली घेऊन मला जेमतेम आठवडा झाला होता. शाळेला जायच्या आधी खिडकीत आरसा टेकवून मी दाढी करत होतो. अर्धा गाल पांढरा होता आणि दारात चाळिशीच्या एक बाई उभ्या होत्या. एका हातात पितळी वाटी, दुसऱ्या हातात दाढीचा ब्रश. परक्या पुरुषाला असं सकाळी गाठताना बाईमाणसानं अवघडावं तशा त्या अवघडल्या नव्हत्या. अवघडायलाही थोडी ताकद लागते. तेवढीही त्यांच्यात त्या दिवशी उरली नसावी.

वाटीत नासलेल्या दुधासारखं, कण्याकण्यांचं पाणी होतं. मी म्हणालो, "मी ब्रश ओला करतो, वडीवर घासतो. येतो फेस."

"तुम्हाला येतो, पण का येतो ते ठाऊक नाही," त्या म्हणाल्या. मग माझ्या तांब्याकडे बघून विचारलं, "पाणी कुठलं?"

"प्यायचं. नळाचं."

"मी आडाचं घेत होते," एवढं बोलून त्या गेल्या.

ही खटपट त्यांच्या यजमानांच्या दाढीसाठी होती, हे मला मागाहून कळलं. ते कुर्डुवाडीला रेल्वेत गार्ड होते, त्यामुळे गल्लीत सगळे त्यांना गार्डसाहेबच म्हणत. ऐन पन्नाशीत त्यांच्या अंगावरून वारं गेलं. उजवं अंग लुळं पडलं, जीभ जड झाली. नोकरी सुटली तसं कुर्डुवाडीचं घर सोडून दोघं सोलापुरात, माझ्या शेजारच्या घरात राहायला आली. मूलबाळ नव्हतं. टेंभुर्णीला गार्डसाहेबांचे धाकटे भाऊ होते. ते सणासुदीला धान्याचं पोतं घेऊन येत, दोन घटका बसत आणि संध्याकाळच्या आत परत जात.

गार्डसाहेबांना नोकरीत असताना रोज दाढी करायची सवय. पहाटे तीनची गाडी असली तरी गुळगुळीत हनुवटीनं डब्यात चढायचे, असं काकू सांगायच्या. आजारपणात बाकी सगळं त्यांनी सोडून दिलं, पण एवढं सुटेना. गल्लीतला मारुती न्हावी आठवड्यातून एकदा यायचा. तो नुसत्या पाण्यानं गाल भिजवून वस्तरा फिरवायचा. धडधाकट माणसाला ते चालतं. गार्डसाहेबांचा उजवा गाल सैल पडला होता, वस्तऱ्याबरोबर ओढला जायचा. दोनदा कापलं. तिसऱ्या खेपेला गार्डसाहेबांनी डाव्या हातानं मारुतीचा हात धरला आणि सोडला नाही. मारुती भला माणूस. त्यानं वस्तरा पुसून ठेवला आणि काकूंना म्हणाला, "बाई, माज्या हातून ह्ये व्हनार न्हाय. साहेबांच्या पेटीत साबण हाय न्हवं? लई फेस करून, दमानं करायला पायजे. माज्यापाशी तेवढा येळ न्हाय की."

काकूंनी पेटी उघडली. ब्रश, साबणाची वडी, साहेबांचा स्वतःचा वस्तरा, त्याला धार लावायचा चामडी पट्टा. पण फेस काही जमेना, म्हणून त्या माझ्या दाराशी आल्या होत्या.

पंधरा दिवसांनी मी त्यांच्याकडे गेलो तेव्हा त्यांचं काम मी पहिल्यांदा पाहिलं, आणि पुढे कित्येकदा पाहिलं. नळाला पाणी थोडा वेळच यायचं आणि ते पिण्यालाच पुरत नसे. म्हणून आडाचंच पाणी त्या आदल्या दिवशी खळखळून उकळत, रात्रभर तसंच ठेवत. सकाळी तळाशी चुन्याचा पांढरा थर बसलेला असे. तो न हलवता वरचं निवळ पाणी घेऊन कोमट करत. त्यात ब्रश बुडवून ठेवायचा आणि तेवढ्यात ओल्या पंच्यानं साहेबांचा चेहरा शेकायचा. ब्रश मग झटकायचा, पुन्हा झटकायचा, थेंब गळायचा थांबेपर्यंत. वडीवर गोल गोल फिरवायचा. आधी मोठे मोठे बुडबुडे येतात. मी त्यालाच फेस समजत होतो.

"हा फेस नव्हे," काकू म्हणाल्या, "हा नुसता गोंधळ. थांबा थोडं."

त्या फिरवत राहिल्या. बुडबुडे बारीक होत होत नाहीसे झाले आणि ब्रशवर लोण्यासारखा गोळा आला. त्यात बोटाच्या टोकानं एक थेंब पाणी, पुन्हा फिरवणं, पुन्हा एक थेंब. शेवटी वाटी उपडी केली तरी पडणार नाही असा दाट, चकचकीत फेस झाला. तो त्या साहेबांच्या गालावर केसांच्या उलट्या दिशेनं चोळत, मग सुलट्या दिशेनं बसवत. लुळ्या गालाच्या आत डाव्या हाताचं बोट घालून तो आतून ताठ करत आणि वस्तरा फिरवत. कुठे खरचटलं नाही तरी शेवटी तुरटी. सगळ्याला पाऊण तास लागे. गार्डसाहेब डोळे मिटून बसत.

"पाणी जास्त झालं की वाहून जातं, कमी झालं की गालावर वाळतं," त्या म्हणायच्या. "हाताला कळेपर्यंत करत राहायचं. कळलं तरी करत राहायचंच आहे म्हणा."

हे शेवटचं वाक्य त्या नेहमी जोडायच्या, तक्रारीचा सूर न लावता.

गल्लीत बोलणं झालंच. बाईच्या हातात वस्तरा, तोही नवऱ्याच्या गळ्याशी. त्यातून शनिवार बघत नाही, अमावास्या बघत नाही. कुणीतरी त्यांना हे ऐकवलं तेव्हा मी तिथेच होतो. काकू म्हणाल्या, "दाढीला वार कळत नाहीत हो. ती अमावास्येलाही वाढते." एवढं बोलून त्या घागर उचलून आत गेल्या. भांडायला त्यांना सवड नव्हती. साहेबांना उठवणं, धुणं, भरवणं, कूस बदलवणं, अंथरूण वाळत घालणं सगळं एकटीनं. दुपारी आमच्या भिंतीपलीकडे पद्मशाली विणकरांचा माग खटखटत असे. त्या आवाजात काकू भिंतीला पाठ लावून उभ्याउभ्या झोपलेल्या मी पाहिल्या आहेत.

असं चौथं वर्ष चाललं होतं. उन्हाळ्यातली सकाळ होती. गिरणीचा भोंगा होऊन गेला होता, मी शाळेला निघालो तर काकू बाहेरच्या पायरीवर बसलेल्या. हात फेसानं माखलेले, तो वाळून पापुद्रे धरलेला.

"काय झालं काकू?"

"उरलेली दाढी तुम्ही करा मास्तर."

"बरं वाटत नाही का?"

त्यांनी हातांकडे पाहिलं. "वस्तरा गळ्याशी होता," त्या अगदी हळू म्हणाल्या. "मनात आलं, जरा दाबला तर दोघंही सुटू. आलं, आणि गेलं नाही लवकर. म्हणून मी वस्तरा ठेवला आणि बाहेर आले."

मी आत गेलो. गार्डसाहेब खुर्चीत टेकून बसले होते, अर्धा चेहरा साफ, अर्ध्यावर वाळलेला साबण. त्यांचे डोळे उघडे होते आणि डाव्या डोळ्यातून पाणी येत होतं. त्यांना सगळं कळलं होतं. जड जिभेनं त्यांनी एकच शब्द कसाबसा काढला, "दमली."

मी मला येतो तसला फेस केला आणि ती दाढी पुरी केली. एके ठिकाणी कापलं. त्यांनी हूं की चूं केलं नाही. बाहेर आलो तेव्हा काकू तिथेच होत्या. मी म्हणालो, "उद्यापासून मीच येत जाईन."

"नको," त्या म्हणाल्या. "आज मी उठून बाहेर येऊ शकले ना? मग उद्या करीन."

दुसऱ्या दिवशी त्यांनी केली. तो विषय आमच्यात पुन्हा कधी निघाला नाही. मात्र त्यानंतर रविवारी मी जाऊन साहेबांपाशी बसायचो आणि काकू आतल्या खोलीत दोन तास आडव्या व्हायच्या. एवढंच माझ्या हातून झालं. आणखी व्हायला हवं होतं, हे मला तेव्हाही कळत होतं.

सहाव्या वर्षी गार्डसाहेब गेले. तीन दिवस ताप होता, त्यात दाढी राहून गेली होती. टेंभुर्णीचे भाऊजी आले. बाहेर तयारी चालली असताना काकूंनी पाणी कोमट करायला ठेवलं. भाऊजींनी ते पाहिलं आणि म्हणाले, "आता तुम्ही हात लावायचा नाही वहिनी." काकूंनी पाणी उतरवून ठेवलं.

दहाव्या दिवशी भाऊजींनी मारुतीला बोलावून घेतलं. कशासाठी, ते सांगायची गरज नव्हती. त्या काळी आमच्या घरांतून नवरा गेलेल्या बाईचे केस उतरवत. मारुती वस्तऱ्या-कात्रीची धोपटी घेऊन ओसरीच्या कडेला मान खाली घालून बसला होता. काकू आतून आल्या. महिन्याभराची झोप राहिलेलं माणूस चालतं तशा त्या चालत होत्या.

"बसा वहिनी," भाऊजी म्हणाले.

"मी बसणार नाही," काकू म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. "सहा वर्षं या घरात मी वस्तरा धरला भाऊजी. तुमच्या भावाचं तोंड मी एक दिवस ओशाळं होऊ दिलं नाही. शेवटची तेवढी दाढी करणार होते, ती तुम्ही करू दिली नाही. आता माझ्या डोक्याला हात लावू नका. मी फार दमलेय."

"लोक काय म्हणतील?"

"म्हणतील की. म्हणू देत."

भाऊजी माझ्याकडे वळले. "मास्तर, तुम्ही शिकलेले. सांगा जरा यांना."

सुधारणेवर मी वर्गात पुष्कळ बोलत असे. त्या वेळी त्यातलं एक वाक्य आठवलं नाही. मी म्हणालो, "त्यांना झोपू द्या."

मारुती उठला. धोपटी काखेत मारून तो काकूंना म्हणाला, "येतो बाई," आणि कुणाची परवानगी न घेता निघून गेला. दुसरा न्हावी शोधायला भाऊजींना गल्ली फिरावी लागली असती. ते संध्याकाळच्या आधीच टेंभुर्णीला परतले. काकू आत जाऊन निजल्या, त्या दुसऱ्या दिवशी दुपारी उठल्या.

टेंभुर्णीहून धान्य यायचं थांबलं. दोन महिन्यांनी काकूंनी कुर्डुवाडीला बहिणीकडे राहायला जायचं ठरवलं. मी स्टेशनवर पोचवायला गेलो. बायकांच्या डब्यात खिडकीशी जागा मिळाली. डोक्यावरचा पदर वाऱ्यानं जरा सरकला. शेजारच्या बाईनं कोरं कपाळ पाहिलं, मग केस पाहिले, आणि आपली वळकटी उचलून ती पलीकडच्या बाकावर जाऊन बसली.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. काकूंनी त्या बाईकडे पाहिलं, रिकाम्या झालेल्या जागेकडे पाहिलं. मग चपला काढल्या आणि दोन्ही पाय वर घेऊन बाकावर लांब केले.

"बरं झालं मास्तर," त्या म्हणाल्या. "पाय पसरायला जागा झाली."