बर्फ वगळून

कॉपी केलेला मजकूर पेस्ट होईपर्यंत कुठे असतो, हा प्रश्न मला नेहमी दुपारीच पडायचा. कुपवाडला एका छोट्या वर्कशॉपच्या ऑफिसात मी काम करते. ऑफिस म्हणजे पत्र्याच्या शेडला चिकटलेली काचेची खोली. पलीकडे लोखंड कातणारी लेथ चालू असते, आणि जेवण झाल्यावर तिचा आवाज असा एकसारखा होतो की डोळे उघडे ठेवूनही माणूस अर्धा झोपेत जातो. जुन्या कोटेशनमधला मजकूर उचलायचा, नव्यात टाकायचा, गिऱ्हाइकाचा पत्ता बदलायचा, हे माझं काम. मालकांना वाटतं मी फार लिहिते. मी मुळीच लिहीत नाही, मी नुसती उचलते आणि ठेवते.

फोनवर तर ते आणखी गमतीचं. शब्दावर बोट दाबून धरलं की दोन निळे थेंब उगवतात. ते हवे तिथपर्यंत ओढायचे आणि कॉपीवर बोट ठेवायचं. मूळ मजकूर जागचा हलत नाही, पण त्याचीच दुसरी प्रत निघून कुठेतरी जाऊन थांबते. मला वाटायचं, ती साताऱ्याच्या स्टँडवर गाडीची वाट बघणाऱ्या बाईसारखी उभी असेल, पिशवी पायाशी ठेवून. ना ती माहेरात, ना सासरी. तिथे तिला कोण कोण बघत असेल, हा विचार मात्र माझ्या मनाला कधी शिवला नाही.

घरी आम्ही दोघीच. मी आणि माझ्या सासूबाई. आमच्याकडे सासूला आत्या म्हणतात. मूळ घर पाटणच्या बाजूला, तिथला ऊस दीर बघतात. माझे मिस्टर फौजेत. गेल्या दिवाळीनंतर त्यांची बदली बर्फात झाली आणि आत्या माझ्या सोबतीला सांगलीत आल्या. फक्त बर्फाचं त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. मैदानी भागात आहे, स्टोअरच्या कामावर आहे, एवढंच.

याला कारण होतं. आत्यांचे थोरले भाऊ फौजेतून परत आले तेव्हा त्यांच्या दोन्ही पायांची बोटं बर्फानं नेली होती. परकर-पोलक्यातल्या आत्या तेव्हा रोज त्यांच्या पायांच्या पट्ट्या बदलायच्या. अजूनही जत्रेत गोळेवाल्याच्या गाडीवर बर्फ किसताना दिसला की त्या मान वळवतात. म्हणून निघताना यांनी माझ्याकडून वचनच घेतलं, आईच्या कानावर हे जाता कामा नये.

खाली नेटवर्क मिळेल अशा जागी ते दहा-पंधरा दिवसांनी यायचे. तेव्हा एकच लांब मेसेज लिहायचे, मला. आईसाठी वेगळा लिहायला बोटं चालत नाहीत म्हणायचे. जागेचं नाव त्यात कधी नसायचं, पण बाकी सगळं असायचं. सकाळी बाटलीतलं पाणी दगड झालेलं असतं. शर्टाची बटणं एकमेकांची लावून द्यावी लागतात. आणि शेवटी ठरलेली ओळ: आईला यातलं काही सांगू नको.

मग माझं काम सुरू. आत्यांकडे माझा जुना फोन होता. सातवीपर्यंत शिकलेल्या, सावकाश पण नीट वाचायच्या. मी सगळा मेसेज कॉपी करायची, त्यांच्या चॅटमध्ये पेस्ट करायची, आणि तांदूळ निवडावेत तसा त्यातला बर्फ वेचून काढायची. पाणी काढलं, बटणं काढली, शेवटची ओळ काढली. उरायचं काय? तब्येत बरी आहे, जेवण चांगलं आहे, आईला नमस्कार. एवढ्यानं आईचं कसं भागणार? म्हणून एकदा मी पदरचं एक वाक्य घातलं: इथे ऊन फार आहे. यांनाही तसं कळवून ठेवलं.

झालं! आत्यांनी ते ऊन धरलं ते धरलंच. दर पत्राला विचारायच्या, "टोपी घालतोय का म्हणावं? डोकं तापत आसंल त्येचं." मग मला पुढच्या पत्रात टोपी घालावी लागायची. एकदा तर त्यांनी कैरीचं पन्हं कसं करायचं ते यांना कळवायला सांगितलं. मी मान डोलावली आणि स्वयंपाकघरात जाऊन तोंडात पदर कोंबला. हसू येत होतं आणि रडूही.

त्याच दिवसांत आत्यांच्या दोन सवयी बदलल्या. संक्रांतीनंतर त्या थंड पाण्यानं आंघोळ करायला लागल्या. मी पाणी तापवून दिलं तर म्हणायच्या, "मला नगं. गावाकडं न्हाई का आमी नदीवर जात?" ऐन थंडीत पहाटे त्यांच्या तांब्याचा आवाज यायचा आणि अंथरुणातच माझ्या अंगावर काटा यायचा. मग होळीच्या सुमाराला त्यांनी आपलं अंथरूण बाहेरच्या खोलीतून उचलून माझ्या खाटेशेजारी आणलं. "भाईर डास लय हायत," म्हणाल्या. डास आतही होते. म्हातारीचा हट्ट म्हणून मी सोडून दिलं.

उन्हाळ्यात मी माझा हातातला फोनही बदलून आणखी नवा घेतला. एके दिवशी सकाळी यांचा गारठलेल्या बोटांचा मेसेज आला, मी कॉपी केला, पण वेचायला वेळ झाला नाही म्हणून तसाच घेऊन कामावर गेले. दुपारी चतुर्थी कधी आहे ते बघायला पंचांगाचं अॅप उघडलं, तर खाली एक बारीक ओळ येऊन गेली. तुम्ही कॉपी केलेला मजकूर या अॅपनं घेतला, अशा अर्थाची. लेथ चालूच होती. मी त्या ओळीच्या जागेकडे बघत बसले. पंचांगाला माझ्या नवऱ्याच्या बोटांशी काय करायचं होतं?

संध्याकाळी गणपती पेठेतल्या मोबाईलच्या दुकानात गेले. दुकानदार पन्नाशीचे, चष्मा कपाळावर ठेवून बोलणारे.

"ताई, कॉपी केलं म्हंजे तुमी ते ओसरीवर ठिवलं," ते म्हणाले. "तुमी ज्या अॅपात शिरता, ते तवा ओसरीवर नजर टाकू शकतंय. जुन्या फोनात गुपचूप टाकायचं, नव्यात सांगून टाकतंय. फरक येवढाच."

"मग ते पुसलं कवा जातं?"

"दुसरं काय कॉपी केलं की पहिलं मागं सरतं. पण कीबोर्ड मागचंबी थोडा येळ धरून ठेवतोय. मग आपोआप जातं. टाचणी मारून ठिवलं तर मातर ऱ्हातं." त्यांनी माझा फोन उलटसुलट केला. "ह्याच खात्यावर घरात आणिक एखादा फोन हाय का?"

"माझाच जुना. सासूबाईंकडं असतो."

"खातं काढून दिला का तसाच?"

"तसाच. नुसतं कार्ड काढलं होतं."

"मग तिकडंबी जातंय की सगळं," ते सहज म्हणाले आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळले.

घरी कशी आले ते आठवत नाही. गाडी मीच चालवली असणार. हळदीच्या वखारींवरून जाताना तो ओळखीचा वास नाकात भरला आणि वाटलं, रस्ता, दिवे, माणसं सगळी पिवळ्या धुक्यात तरंगताहेत. मी सहा महिने बर्फ वेचत होते, आणि वेचायच्या आधीच तो अख्खा दुसऱ्या फोनवर जात होता. आत्यांनी बघितलं असेल का? बघितलं असतं तर त्या उन्हाचं कशाला विचारत बसल्या असत्या? एवढ्या एका आशेवर मी जिना चढले.

आत्या लसूण सोलत बसल्या होत्या. फोन खिडकीत.

"तुमचा फोन बघू जरा, आत्या."

"घे की."

मी मेसेजच्या चौकटीत बोट ठेवलं. कीबोर्ड वर आला. त्याच्या वरच्या पट्टीतलं चिमटा लावलेल्या कागदाचं चित्र दाबलं. सगळ्यात वर, सकाळचा अख्खा मेसेज. आणि त्याच्या खाली टाचणी मारलेले तीन मजकूर.

पहिला संक्रांतीचा. तिळगूळ घ्या म्हणून सुरुवात केलेला, पुढे बाटलीतल्या पाण्याचा दगड. दुसरा बटणांचा. मला तो पहाटेचा तांब्याचा आवाज ऐकू यायला लागला. तिकडे लेकाला गार, म्हणून इकडे आईनं ऊन पाणी सोडलं होतं.

तिसरा यांचा नव्हता. माझा होता.

मी यांना लिहायची ते आधी नोंदवहीच्या अॅपमध्ये, सुचेल तसं, दिवसभर. मग कॉपी करून पाठवायची. त्यातलाच एक तुकडा: आज नळ सोडून बाथरूममध्ये रडले, आत्यांना ऐकू जाऊ नये म्हणून. फोन वाजला की छातीत धस्स होतं. झोप येत नाही. तुम्ही येईपर्यंत हे मला कुणालाच सांगता येणार नाही.

मला आधी राग आला. खोटं कशाला बोलू? नवऱ्याला लिहिलेलं, ते सासूनं टाचून ठेवावं! कान तापले, लाज वाटली, आणखी काय काय त्यांनी वाचलं असेल ते आठवून अंग चोरल्यासारखं झालं. पण तोंड उघडायच्या आधी एक गोष्ट आठवली. त्यांच्या लेकाचं पत्र सहा महिने कापून त्यांच्या हातात देणारी कोण होती? मीच ना!

"आत्या, तुमाला कवापास्नं ठावं हाय?"

त्यांनी लसणाची पाकळी ताटलीत टाकली. "संक्रांतीपास्नं. तुला लिवाय बसले तर वरच्या पट्टीत आलं कायतरी. बोट लागलं, सगळं खाली पडलं. वाचलं. मग चौकटीतनं पुसलं, पर टाचणीचं चित्र दाबून ठिवलं."

"मग टोपीचं कशाला इचारत होता?"

"तू येवढं ऊन लिवलंस, मी इचारू नको व्हय?"

मला हसू फुटलं, आणि त्यातच डोळे भरले. त्या हसल्या नाहीत.

"त्येला जर कळलं आईला ठावं हाय, तर तो तुलाबी खरं लिवायचा न्हाई. मग दोघींच्या वाट्याला ऊनच आलं असतं. कुणातरी एकीला खरं यायला पायजे का नको?"

मी फोन त्यांच्यासमोर धरला. "आणि हे तिसरं?"

त्यांनी ताटली बाजूला सारली. मग म्हणाल्या, "ते तुजं हाय. मी वाचाय नको होतं. पण वाचलं. तू तर कुणाला सांगणार न्हवतीस. म्हणलं, आपुन निदान जवळ झोपावं."

मी त्यांच्या मांडीवर डोकं ठेवलं. हाताला लसणाचा वास होता. त्या हातानं त्यांनी माझे केस मागे सारले, आणि मी नळ न सोडता रडले.

खातं मी दुसऱ्या दिवशी काढून टाकलं. त्यांना विचारूनच. "तुजं तुज्याकडं ऱ्हाऊ दे," म्हणाल्या. टाचण्या काढताना मात्र पहिल्या दोन ठेवू का म्हणून विचारलं, तर नको म्हणाल्या, पाठ झालंय.

बारा दिवसांनी यांचा मेसेज आला. संध्याकाळ होती, आत्या गावाकडून दिरांनी पाठवलेली शेंगांची पिशवी रिकामी करत होत्या. मी मेसेजवर बोट दाबून धरलं, कॉपी केलं, त्यांच्या चॅटमध्ये पेस्ट केलं. निळे थेंब सवयीनं पाण्याच्या वाक्यापाशी गेले. तिथून मी बोट उचललं आणि सगळं तसंच पाठवलं. शेवटच्या ओळीसकट.

पलीकडे त्यांचा फोन वाजला. त्यांनी हात पदराला पुसले, चष्मा लावला आणि ओठ हलवत सावकाश वाचलं. आईला यातलं काही सांगू नको, इथपर्यंत. मग चष्मा काढून पदरानं पुसला.

"उत्तर लिवतीस नव्हं?" त्या म्हणाल्या. "आई इचारतीया म्हणावं, ऊन कमी झालं का?"