जरा गरम

एल्सा पेंड्री ऑस्ट्रेलियातल्या टूवूम्बाच्या आमच्या कारखान्यात मोटरी बनण्याआधीच संगणकावर चालवून बघायची. मी शेजारच्या टेबलावर तारेची वेटोळी गुंडाळायचो, तेवढंच माझं ज्ञान. चुकलो तर सांभाळून घ्या. ब्रश नसलेल्या मोटरीत लोहचुंबकांचं कडं असतं. भार, वेग, आजूबाजूची उष्णता भरली की पडद्यावर मोटरची ताकद रेषेसारखी उमटायची. एल्सा मूळची होबार्टची, थंड मुलखातली.

लाइल बॅटरहॅम नावाच्या गुरं पाळणाऱ्या गिऱ्हाइकाला दूरच्या कुरणातल्या बोअरवर उन्हावर चालणारी मोटर हवी होती. त्या कुरणात दुसरं पाणी नव्हतं.

"पत्र्याच्या खोपटात बसवणार ना? आत कितपत तापतं?" तिने फोनवर विचारलं.

"जरा गरम होतं."

तिने पंचेचाळीस अंश भरले.

"जुनी पवनचक्की राहू देऊ का, पोरी? म्हातारी आहे, कुरकुरते, पण पाणी देते."

"काढून टाका हो. आमची रेषा कुठेच वाकत नाहीये."

त्याने चक्की पाडली.

जानेवारीत, तिकडच्या भर उन्हाळ्यात, तापून तापून चुंबकांचा जोर कायमचा गेला. मोटर फिरत राहिली, लाइलच्या फोनवर 'चालू' दिसत राहिलं. पण पाणी वर चढवण्याइतकं बळ तिच्यात उरलं नव्हतं. तो कुरणावर पोचला तेव्हा हौद कोरडा होता.

एल्सा आणि मी मोटर उतरवायला गेलो. हौदाभोवती मेलेली गुरं. जी उठेनात त्यांना लाइलने स्वतः गोळ्या घातल्या होत्या. एल्साने खोपटात तापमापक धरला. पारा सत्तरच्या वर गेला, मोटरची स्वतःची धग वेगळीच.

"अहो, सांगायचं तरी!"

"सांगितलं की, पोरी. जरा गरम होतं म्हणालो होतो."

तो टोमणा नव्हता. तिकडे हात मोडलेला माणूसही 'जरा दुखतंय' म्हणतो.

परत आल्यावर तिने सत्तर भरून मोटर पुन्हा चालवली. रेषा काही वेळ सरळ गेली, मग डोंगरकड्यावरून ढकलल्यासारखी खाली आली.

लाइलने हिवाळ्याआधी जमीन विकली. एल्सा कामावर येत राहिली. गिऱ्हाइकाने उष्णतेचा आकडा दिला नाही तर ती पुढे बोलतच नसे. लाइलच्या मोटरीतलं ते चुंबकांचं कडं तिच्या टेबलावर असायचं. मधूनच ती त्याला एखादा स्क्रू लावून बघायची. स्क्रू क्षणभर धरायचा आणि घसरून खाली पडायचा.