भिरूड ऐकणारी शकू

पूर्णगडहून सड्याकडे, म्हणजे वरच्या कातळाच्या पठाराकडे, चढत गेलं की डाव्या हाताला आमची वाडी लागते. वाडीत शकू नावाच्या तिघीजणी आहेत. पण "भिरूडवाली शकू" म्हणून विचारलंत, तर शेंबडं पोरही तुम्हाला शकुंतला गोताडच्या अंगणात आणून सोडेल.

भिरूड म्हणजे आंब्याच्या खोडात शिरणारी अळी. अंगठ्याएवढी जाड, पांढरट, डोकं तेवढं काळं. वर्षभर आतल्या आत लाकूड खाते. बाहेर भोकातून थोडा भुसा पडतो, तोही पावसात वाहून जातो. फांदी सुकायला लागते तेव्हा बागायतदाराला कळतं, आणि तोवर कलम हातचं गेलेलं असतं.

शकू हे काम सासऱ्यांकडून शिकली. खोडाला कान लावायचा, श्वास धरायचा आणि ऐकायचं. अळी खात असली की आत बारीक कुरकुर होते. आवाज सर्वांत स्पष्ट जिथे येईल तिथेच पटाशीने साल उघडायची, सायकलच्या स्पोकचा आकडा आत घालायचा आणि अळी ओढून काढायची. मग औषधाचा बोळा कोंबून वरून माती लिंपायची. झाडाला जखम एवढीशीच. "बायकांनी कुठे झाडं तासायची?" असं तेव्हा चारजण म्हणाले होते. सासरे म्हणाले, "तिला ऐकू येतं, तुम्हाला येतं काय?" विषय तिथेच संपला. पुढे तीस वर्षं दसरा झाला की सड्यावरच्या बागांतून शकूला बोलावणी येत राहिली. नवरा शिवा मुंबईला गिरणीत आणि गिरणी बंद झाल्यावर वॉचमनच्या नोकरीत. तो दोन वर्षांपूर्वी कायमचा घरी आला, तोवर शकूच्या कामाने घर चांगलं उभं केलं होतं.

साठी आली आणि शकूचे कान मंदावले. माणसांचं बोलणं तिला नीट कळायचं, पण बारीक आवाज गेले. पहिल्यांदा तिला वाटलं, यंदा अळ्या कमी आहेत. खरं काय ते दीपक सुर्व्यांच्या बागेत कळलं. दीपकशेटच्या विहिरीजवळ वडिलांनी लावलेलं कलम आहे, त्याच्यावर त्यांचा फार जीव. शकूने त्याला तीन ठिकाणी साल काढून पाहिलं, अळी मिळाली नाही. दीपकशेट रागावले असते तर बरं झालं असतं. पुढच्या दसऱ्याला त्यांच्याकडून बोलावणं आलं नाही, एवढंच. शकूने आकडा आणि पटाशी पिशवीत गुंडाळून माळ्यावर टाकली आणि कुणी विचारलं तर "गुडघे दुखतात" असं सांगायला लागली.

तिचा मुलगा सर्वेश मुंबईला असतो. सून हेतल मात्र बाळंतपणाला आली ती बाळासकट इथेच रमली. नालासोपाऱ्यात वाढलेली मुलगी, पण तिला इथल्या स्वयंपाकाचा नाद लागला. घावणे, सांदणं, फणसाची भाजी असं करून दाखवायचं, त्याचे व्हिडिओ काढायचे आणि लोकांना दाखवायचे. त्यासाठी तिने एक कॉलर माईक मागवला होता. हरभऱ्याच्या घाट्याएवढा, पदराला चिमट्याने लावायचा, आणि त्याची लांब वायर मोबाईलला.

एके दिवशी दुपारी हेतल कानाला हेडफोन लावून बसली होती आणि वैतागली होती.

"काय झालं गो?" शकूने विचारलं.

"आई, हा माईक माझं बोलणं सोडून बाकी सगळं ऐकतो. बांगड्या वाजतात, पदर घासतो, विळीवर भोपळा ठेवला की दण्‌ करून आवाज. तुम्हीच ऐका."

तिने हेडफोन सासूच्या कानांवर चढवला. शकू ऐकत राहिली. हेतलला वाटलं, सासूबाई हसतील. पण शकूचा चेहरा वेगळाच झाला. पदराच्या कापडावरून नख ओढल्याचा आवाज, वायर पाटाला घासल्याचा आवाज, विळीच्या पात्याची किरकिर, असलं काही तिने दोन वर्षांत ऐकलं नव्हतं.

"हे एवढं बारीक ह्याला ऐकू येतं?"

"नको ते सगळं येतं."

"मग उद्या मला दे," शकू म्हणाली. "मला नको तेच ऐकायचं हाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघी गोठ्यामागच्या कलमाखाली. त्या झाडाला भुसा ताजा होता, म्हणजे आत अळी होती हे नक्की. शकूने माईक चिमटीत धरून सालीवर टेकवला. हेतलने पाच मिनिटं रेकॉर्ड केलं. मग ऐकलं तर काय, डोंगर कोसळत असल्यासारखा गडगडाट. शकूचा हात कापत होता तो, बोटांची कातडी घासत होती ती, सगळं जसंच्या तसं.

"हात लावायचाच नाही," हेतल म्हणाली. तिने चिकटपट्टीने माईक खोडाला चिकटवला. दोघी लांब जाऊन बसल्या. या वेळी गडगडाट नव्हता. ठक, ठक, ठक असा आवाज मात्र स्वच्छ ऐकू आला.

शकूने हेडफोन घट्ट दाबला. "हाय! सापडली! केवढी मोठी असेल बघ!"

हेतलने झाडाकडे पाहिलं आणि पोट धरून हसायला लागली. लोंबणारी वायर वाऱ्याने हलून सालीवर आपटत होती. शकूही हसली, पण पटाशी आणायला निघालेली ती परत फिरली ती विचार करतच.

संध्याकाळी ती स्वयंपाकघरात शिंक्यातलं दही काढत होती. त्याच वेळी शिवा ओटीवर लाकडं फोडत होता. ओट्यावरची भांडी प्रत्येक घावाला किणकिणत होती. आढ्याला टांगलेल्या शिंक्यातलं दही मात्र सायीसकट स्तब्ध होतं. शकूने हेतलला हाक मारली.

"हे बघ. टेकलेलं सगळं थरथरतं. टांगलेलं नाय थरथरत."

हेतलने लगेच मोबाईलवर शोधलं. मोठ्या स्टुडिओत माईक असाच टांगतात म्हणे, रबराच्या दोऱ्यांत, जमिनीचा हादरा लागू नये म्हणून. आता खोडाला टांगायचं कशात, हा प्रश्न. तो शकूनेच सोडवला. तिने नारळाची अर्धी करवंटी दगडावर घासून तिची कड सरळ केली. काठाजवळ चार भोकं पाडली. सर्वेशच्या जुन्या हाफपँटमधलं इलॅस्टिक काढून त्याचे चार पदर आतून ताणून बांधले आणि मधोमध माईक असा अडकवला की तो करवंटीला कुठेच टेकणार नाही. एका बारीक भोकातून वायर बाहेर काढली. करवंटी झाडावर पालथी घालायची, सायकलच्या जुन्या ट्यूबने खोडाला आवळायची, आणि कडेच्या फटी भिजवलेल्या कणकेने बुजवायच्या, म्हणजे वारा आत शिरत नाही.

"पण आई, टांगलं तर अळीची थरथर तरी लागेल का त्याला?" हेतलची शंका बरोबर होती.

"थरथर नको. आवाज येऊ दे. कान तरी मी कुठे झाडाला खिळ्याने ठोकत होते? कानात हवा असते ना? तशीच करवंटीत हाय."

वायरीचा बंदोबस्त हेतलने केला. करवंटीजवळ एक सैल वेढा ठेवून वायर ट्यूबलाच बांधली, म्हणजे पुढे ती कितीही हलली तरी ओढ माईकपर्यंत जाणार नाही. मोबाईल खाली गोणपाटाच्या घडीवर. आणि रेकॉर्डिंग चालू असताना कुणी झाडाजवळ उभं राहायचं नाही, शिवानेसुद्धा नाही, कारण त्याला गप्प उभं राहणं जमत नाही.

पहिल्या खेपेला करवंटीत मुंगळा अडकलेला निघाला. त्याची पावलं अशी वाजली जशी कुणी पत्र्यावरून पळतंय. दुसऱ्या खेपेला हेतलने आवाज मोठा करून ऐकलं आणि लगेच हेडफोन सासूला दिला.

कुर्र. थोडं थांबून परत, कुर्र, कुर्र.

शकूने डोळे मिटले. मग करवंटी वीतभर वर सरकवून परत ऐकलं, परत वीतभर वर. तिसऱ्या जागी आवाज भरून आला. तिने पटाशीने तिथेच रुपयाएवढी साल काढली, आकडा घातला आणि पहिल्याच ओढीला अळी बाहेर. ती तळहातावर घेऊन शकू अंगणभर फिरली. शिवा म्हणाला, "आता तिचं बारसं करून नाव ठेव."

दोन दिवसांनी पिशवी घेऊन ती न बोलावता दीपक सुर्व्यांच्या बागेत गेली. हेतल बरोबर होती. विहिरीजवळच्या कलमाची एक मोठी फांदी पिवळी पडली होती आणि दीपकशेट कमरेवर हात ठेवून तिच्याकडे बघत उभे होते. फांदी बुंध्यापासून कापावी, असा सल्ला त्यांना कुणीतरी दिला होता.

"शेट, कापायच्या आधी मला अर्धा तास द्या," शकू म्हणाली. "गेल्या टायमाला मी चुकले. मला ऐकू येत नव्हतं आणि मी ते बोलले नाय."

दीपकशेट जरा अवघडले. "तसं काही नाही, काकी. बघा तुम्ही."

शकूने करवंटी बांधायला घेतली, तेव्हा ते हेतलकडे बघायला लागले. कणीक आली तेव्हा तर त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसलं, काकींचं वय झालं. पण ते सांगितल्याप्रमाणे लांब जाऊन गप्प बसले. चार जागा झाल्या. चौथ्या जागी शकूने मान हलवली आणि हेडफोन त्यांच्या कानांवर चढवला.

"अरे!" दीपकशेट एवढ्याने ओरडले की शेजारच्या बागेतला माणूस कुंपणाशी आला. कानांवर हेडफोन असल्याने आपण किती मोठ्याने बोलतोय ते त्यांना कळत नव्हतं. "खातेय की! काकी, ही खातेय! माझ्या बापाचं झाड खातेय!"

अळी फांदीच्या बेचक्यात होती, गेल्या वर्षी शकूने साल काढली होती त्याच्या दोन हात वर. एक काढली आणि पुन्हा ऐकलं तर दुसरी निघाली. फांदी कापायची वेळ आली नाही. पौषात तिला नवी पालवी फुटली आणि शेंड्याला मोहोराचे चार तुरेही दिसले. दीपकशेटनी ते शकूला फोन करून सांगितलं, नेहमीपेक्षा मोठ्या आवाजात.

त्यानंतर बोलावणी परत सुरू झाली. एकदा देवरूखकडच्या एका बागायतदाराने गाडी पाठवून तिला नेलं. तिथे तिचं काम बघायला पंधरावीस माणसं जमली आणि सगळी बोलायलाच लागली. शकूने करवंटी सोडून पिशवीत ठेवली आणि सांगितलं, "तुमचं झालं की सांगा, मी चहा पिऊन येते." माणसं गप्प झाली, मगच ती परत झाडाजवळ गेली.

अडचण एकच झाली. माईक रोज सड्यावर आणि हेतलचे व्हिडिओ बंद. बघणाऱ्या बायका विचारायला लागल्या, ताई कुठे गेलात? शेवटी शकूने रत्नागिरीला जाऊन स्वतःसाठी वेगळा माईक घेतला. दुकानदार विचारत होता, कशासाठी हवाय, गाण्यासाठी की भाषणासाठी? शकूने त्याला सगळं समजावून सांगितलं. तो ऐकत राहिला, मग म्हणाला, "मावशी, गॅरंटी देता येणार नाही."

हेतलनेही आता आपला माईक पदराला लावायचं सोडलं. तोही इलॅस्टिकमध्ये टांगून ओट्याच्या वर ठेवते. बांगड्या वाजत नाहीत, विळी दणकत नाही. मागच्या महिन्यात तिने व्हिडिओऐवजी नुसता एक आवाज लोकांना ऐकवला आणि ओळखा म्हणाली. दोनशेवर उत्तरं आली. बहुतेकांनी पोह्याचा पापड सांगितला, काहींनी कुरडई, एकीने तर तळलेला बोंबील. हेतलने संध्याकाळी अळीचा फोटो टाकला. तळलेला बोंबील सांगणाऱ्या बाईने आठ दिवस काही खाल्लं नाही, असं तिनेच कळवलं.

शकू हे ऐकून खो खो हसली. मग उठून नव्या इलॅस्टिकचे चार तुकडे कापायला बसली. उद्या सकाळी गंगा पाटलिणीच्या सात कलमांना जायचं होतं आणि जुनं इलॅस्टिक सैल पडलं होतं.